विल्फचं कर्ज, फ्रेडाच्या नावावर

विल्फ स्लेटरचा गुडघा बदलला, तेव्हा सगळं ठरल्यासारखं पार पडलं. ऑपरेशन वेळेवर झालं, विल्फ शुद्धीवर आल्या आल्या चहा मागू लागला, घरी आणायला रुग्णालयाची गाडीही मिळाली. फक्त मध्ये गुरुवार येतो, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

उत्तर इंग्लंडातल्या पॅडिहॅमच्या त्या चढावरच्या गल्लीत गुरुवार म्हणजे पैशाचा वार. गिरण्या चालू होत्या तेव्हा पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातावर ठेवायची रीत होती. बायको त्यातून नवऱ्याला हातखर्चाला द्यायची. ज्याचं पाकीट फोडलेलं निघे, त्याचं नाव रात्रीच्या जेवणाआधी गल्लीभर झालेलं असे. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी गाद्यांची दुकानं आली, पगार परस्पर बँकेत जायला लागले. पण फ्रेडा व्हिटलच्या घरातला गुरुवार काही हलला नाही. तिचा नवरा नॉर्मन होता तोवर त्यानं पैसे ठेवले. तो गेला, मग चार वर्षांनी विल्फ राहायला आला, त्यानंही ठेवले. दर गुरुवारी साठ पौंड, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, किटलीच्या शेजारी. त्यातले पंधरा फ्रेडा त्याला हातखर्चाला परत द्यायची, आणि वर विचारायची, "पुरतील ना?" पुरणार नाहीत असं म्हणायची विल्फची प्राज्ञा नव्हती.

विल्फनं नगरपालिकेच्या बागेत उभा जन्म काढला होता. म्हातारे लोक बोलिंग खेळतात ती हिरवळ राखायची, एवढंच त्याचं काम. माणूस मऊ. समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणून मोकळा. लग्न त्या दोघांनी केलं नव्हतं. सत्तरीला टेकल्यावर केक कापून लोकांना हसायला कशाला बोलवायचं, असं फ्रेडाचं म्हणणं. गल्लीत आणि चर्चमध्ये ती त्याला 'माझा भाडेकरू' म्हणायची. गल्लीला कळायचं ते कळत होतं, पण फ्रेडाच्या तोंडी लागायला गल्ली खुळी नव्हती.

तर त्या गुरुवारी विल्फ खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, आणि फ्रेडा अंगात कोट चढवून समोर उभी.

"कार्ड दे. मशिनवर मीच जाऊन येते."

"राहू दे गं. पुढच्या आठवड्यात दोन्ही एकदम देतो."

"पुढच्या आठवड्याचं कुणी बघितलंय? कार्ड दे."

विल्फनं पाकिटातून कार्ड काढलं आणि हातातच धरून ठेवलं. "यातनं पन्नास काढ," तो म्हणाला.

"आणि वरचे दहा?"

विल्फ स्टुलावरच्या पायाकडे बघत राहिला. जणू उत्तर पायालाच ठाऊक होतं.

"विल्फ, वरचे दहा?"

"ते दुसऱ्या कार्डातनं येतात."

"दुसरं कार्ड कसलं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विल्फ राहायला आला त्या पहिल्या गुरुवारी त्यानं टेबलावर पन्नास ठेवले होते. त्याच्या पेन्शनीत तेवढेच बसत होते. फ्रेडानं ते मोजले आणि म्हणाली, "आमचा नॉर्मन साठ ठेवायचा हो." बोलली ती एवढंच, आणि वळून बटाटे सोलायला लागली. विल्फनं कोट चढवला, राहिलेले पैसे क्लबात विसरलो म्हणाला आणि खाली उतरून मशिनमधून दहा पौंड घेऊन आला. त्याच्याकडे एक क्रेडिट कार्ड होतं, बँकेनं मागे कधीतरी गळ्यात मारलेलं. एकदाच, म्हणून त्यानं ते वापरलं. पण साठाचे पुन्हा पन्नास करायचे कसे? दुसऱ्या गुरुवारी जमलं नाही, तिसऱ्या गुरुवारी जमलं नाही, आणि अशी सहा वर्षं गेली.

कार्डावर रोख काढली की व्याजाचं मीटर त्याच दिवशी सुरू होतं, आणि तेही चढ्या दरानं. महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम विल्फ हातखर्चातून भरत होता. कमी पडली तर तीही कार्डातूनच.

"किती झालेत?" फ्रेडानं विचारलं.

"साडेचार हजार."

फ्रेडा ओरडली नाही. तिनं कोट काढून खुंटीला लावला, हात धुतले आणि आधीच लखलखत असलेला ओटा पुसायला घेतला. विल्फला वाटलं, ही ओरडली असती तर गुडघा इतका ठणकला नसता.

फ्रेडाच्या डोक्यात मात्र हिशेब चालला होता, आणि तो पैशाचा नव्हता. बाहेरच्या खोलीतला नवा गालिचा. समुद्रकाठच्या लँडुड्नोच्या दोन सहली, बसमध्ये पुढच्या सीटा. चर्चच्या बायकांना रविवारचा चहा, त्यात दुकानातला पातळ नव्हे, हाडावरून कापलेला हॅम. बायका म्हणायच्या, फ्रेडा, तुला कसं गं परवडतं? फ्रेडा म्हणायची, घर चालवायला अक्कल लागते, पैसा नाही. ऋण काढून सण करणाऱ्यांना ती तोंडावर हसली होती. पलीकडच्या घरी वसुलीवाला यायचा तेव्हा मुद्दाम उंबऱ्याचा दगड घासायला बाहेर बसायची. आणि सहा वर्षं तिच्याच घरात ऋणाचा सण चालला होता, यजमानीणही तीच.

शनिवारी ग्लेनिस आली. ग्लेनिस ही फ्रेडाची मुलगी. बर्नलीत राहायची, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि जीभ आईचीच घेऊन जन्मली होती. विल्फ माडीवर झोपला होता. आईनं सगळं सांगितलं, तेव्हा ग्लेनिसनं हातातला कप खाली ठेवला.

"त्याला मोरकमला भावाकडे धाड."

"गुडघा ओला आहे अजून त्याचा."

"मग वाळला की धाड. आई, नीट ऐक. कर्ज त्याच्या नावावर आहे. तुमचं लग्न झालेलं नाही, देवाची कृपा. उद्या तो गेला की कर्जही त्याच्याबरोबर गेलं. त्याच्यामागे आहे काय? दोन सूट आणि बोलिंगचे चेंडू. बँक काय त्याचा नवा गुडघा काढून नेणार आहे?"

"म्हणजे तो मरायची वाट बघत मी हॅम खात बसू?"

"हॅमचं काय मध्येच?"

"हॅमचंच सगळं आहे," फ्रेडा म्हणाली. "तू नाही खाल्लास? नाताळात दोनदा वाढून घेतलास."

ग्लेनिस तोंड वाजवत गेली, पण जाताना दार आपटलं नाही. आईचा आवाज असा खाली गेलेला तिनं फार वर्षांत ऐकला नव्हता.

कर्ज आपल्याकडे ओढून घेता येतं, हे फ्रेडाला बुधवारी डॉनच्या दुकानात कळलं. डॉन म्हाताऱ्या बायकांचे केस सेट करून द्यायची. बुधवारी दर कमी, म्हणून गर्दी, पण त्या दिवशी पावसानं कुणी फिरकलं नव्हतं. फ्रेडानं आडून आडून विचारलं. एक बाई आहे, तिच्या ओळखीतल्या एका माणसाचं असं असं झालंय.

"मी केलंय ना ते," डोक्यात रोलर खोचत डॉन म्हणाली. "आमच्या क्रेगचं. नवीन कार्ड आपल्या नावानं घ्यायचं आणि त्याच्या कार्डावरची बाकी आपल्या कार्डावर आणायची. बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. वर थोडी फी पडते, पण मग दोन-अडीच वर्षं व्याज नाही. जे भरशील ते मुद्दलातनं कमी. फक्त हप्ता चुकवायचा नाही, आणि त्या कार्डावर दुसरं काही घ्यायचं नाही."

"आणि दुसऱ्याचं कर्ज चालतं बँकेला?"

"सगळ्यांना नाही चालत, काहींना चालतं. पण फ्रेडा, एकदा आलं की ते आपलं. मग त्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमचा क्रेग बघ. बाकी फिटली तसा मोकळा झाला आणि बारमधल्या पोरीला घेऊन गेला स्पेनला, बेनिडॉर्मला. आता कर्ज माझ्या नावावर आणि ऊन त्याच्या अंगावर." डॉननं आणखी एक रोलर घट्ट आवळला. "ती बाई म्हणजे तूच ना? आणि माणूस म्हणजे तुझा भाडेकरू?"

"तू केस बघ."

"भाडेकरूचं कर्ज कुणी घेतं होय?"

"केस बघ म्हटलं ना?"

पहिल्या बँकेनं फ्रेडाला नाही म्हटलं. फोनवरचा माणूस गोड होता. तुमच्या नावावर आमच्या बघण्यात उधारीच नाही, म्हणाला, त्यामुळे तुम्ही फेडता की नाही हे कळायला मार्ग नाही. फ्रेडाला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. "अरे बाबा, मी घेतलीच नाही म्हणून नाही ना!" ती म्हणाली. "जो कधी बुडाला नाही त्याला पोहता येत नाही, असं म्हणतोस तू मला?" पण फोन ठेवल्यावर तिला आठवलं, गल्लीतल्या बायकांना कॅटलॉगमधून कपडे-भांडी हप्त्यानं मागवून द्यायचं काम ती वीस वर्षं करत आली होती. दर आठवड्याला दारोदार हप्ते गोळा करायची आणि कंपनीला भरायची. खातं तिच्याच नावावर, आणि एकदाही चुकलं नव्हतं. तिचं जुनं पासबुक ज्या बँकेत होतं, तिथं तिनं हे सांगितलं. तिथून होकार आला, पाच हजारांपर्यंत. आता फक्त विल्फच्या कार्डाचा नंबर हवा होता. तो तिथल्या बाईला फोनवर वाचून दाखवायचा, की काम झालं.

विल्फ काठी घेऊन बाहेरच्या खोलीपर्यंत यायला लागला होता. फ्रेडानं त्याला खिडकीपाशी बसवलं, चहा दिला, मटण-बटाट्याची पाई आणि लाल कोबीचं लोणचं समोर ठेवलं, आणि काय ठरवलंय ते सांगितलं. मग म्हणाली, "हं, वाच नंबर."

"नाही," विल्फ म्हणाला.

फ्रेडाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय नाही?"

"नंबर देणार नाही. ते माझं आहे."

"काय तुझं आहे? कर्ज?"

"हो." विल्फनं काटा खाली ठेवला. "या घरात माझं म्हणून दुसरं काय आहे, सांग. पेन्शन तुझ्या टेबलावर. खुर्ची नॉर्मनची. कपाटाचे तीन कप्पे तुझे, एक माझा. गल्लीत मी भाडेकरू. एवढं एक कर्ज मी माझं माझं केलं, सहा वर्षं, कुणाला कळू न देता. तेही तूच घेणार?"

"अरे शहाण्या, ही काय ठेवून घ्यायची चीज आहे?"

"मी मोरकमला जातो. भावाला, कीथला, फोन केलाय. त्याच्याकडे मागची खोली रिकामी आहे. महिन्याला जमेल तसं फेडीन."

"फेडशील कप्पाळ! व्याजच फेडत मरशील."

"मग मरेन."

फ्रेडा बसली. बाहेरच्या खोलीत ती दिवसाउजेडी कधी बसत नसे. ती खोली पाहुण्यांची. नव्या गालिच्यावर पाय ठेवायला तिला जड वाटलं. हा माणूस जाणार, हे तिला कळलं. नॉर्मन गेला तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. हा मात्र तिच्यामुळे जाणार होता.

"नॉर्मन खरंच साठ ठेवायचा?" विल्फनं विचारलं.

"नॉर्मनला यात ओढू नकोस. तो मेलाय."

विल्फनं ताटली थोडी पुढे सारली.

"ओव्हरटाइम असला की ठेवायचा," फ्रेडा खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

"आणि नसला की?"

"नसला की नाही. किती खोदशील? पाई निवतेय."

विल्फनं पाईचा एक घास घेतला. तो हसत होता की रडत होता, हे फ्रेडानं वळून बघितलं नाही.

"हे बघ," ती म्हणाली. "ते दहा पौंड तू आणलेस, पण खाल्ले मी. आणि मी तरी कुठे खाल्ले? ज्या बायका मला पाठीमागे नावं ठेवतात त्यांना चारले. माझं खाल्लेलं मी फेडणार, यात तुझ्यावर दयामाया काही नाही. तू आपलं तुझं बघ."

"मग अर्धं माझं," विल्फ म्हणाला. "हप्ता दोघांनी भरायचा. आणि गुरुवार बंद."

"बंद म्हणजे?"

"माझी पेन्शन माझ्याकडे. घरखर्चाला जे पडतं त्यातला माझा वाटा मी देईन. तू सांगायचं काय लागतं ते, आणि मी सांगायचं माझ्याकडे आहे की नाही ते. टेबलावर काही ठेवणार नाही."

फ्रेडाच्या घराण्यात पैशाची पिशवी बाईच्या हातातून कुणी घेतली नव्हती. तिच्या आईच्या हातून नाही, आजीच्या हातून नाही. आजीनं तर मरायच्या आदल्या दिवशी उशाखालून काढून मोजून दिली होती. फ्रेडाच्या ओठावर येऊन गेलं, जा मग मोरकमला. विल्फ वाट बघत होता. आणि या खेपेला तो हो म्हणून सुटका करून घेणार नाही, हे तिला दिसत होतं.

"वाच नंबर," ती म्हणाली.

"बंद ना?"

"बंद, बाबा, बंद. लेखी देऊ का आता?"

फोन तिनं त्याच्यासमोरच लावला. तो आकडे वाचत गेला, ती मोठ्यानं सांगत गेली. पलीकडच्या मुलीनं सगळे परत म्हणून दाखवले आणि विचारलं, कार्ड तुमचं दिसत नाही, बाई, कुणाचं आहे? फ्रेडानं एकदा विल्फकडे बघितलं. भाडेकरूचं म्हणाली असती तर बँकेलाही हसू आलं असतं.

"माझ्या माणसाचं," ती म्हणाली.

"नवरा?"

"माणूस म्हटलं ना. पुढचं विचार."

आठवडाभरात विल्फच्या कार्डावरची बाकी शून्य झाली आणि फ्रेडाच्या कार्डावर ती सगळी येऊन बसली, वर फी. ग्लेनिसला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आता ते कार्ड कातरीनं काप, म्हणजे झालं." पण डॉननं फ्रेडाला बजावलं होतं, कार्ड कापून काही होत नाही. खातं उघडंच राहतं, पुन्हा नवं कार्ड पाठवतात. फोन करून खातं बंद करून घ्यायला लागतं, आणि तो फोन ज्याच्या नावाचं खातं त्यानंच करायचा.

म्हणजे विल्फनं. ज्यानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्यानं. फ्रेडाला एकदा म्हटलं होतं, तेवढं सोडून.

तो फोनवर बसला. फ्रेडा स्वयंपाकघरात गेली आणि दार अर्धं उघडं ठेवलं. विल्फ नाव सांगत होता, जन्मतारीख सांगत होता. मग बराच वेळ नुसतं ऐकत होता. "हो," तो म्हणाला. "हो, जुना ग्राहक आहे. हो, खरंय, चांगली सवलत आहे." फ्रेडानं भांडी पुसायचं फडकं दोन्ही हातांनी पिळलं. बाहेरच्या खोलीत जावं, फोन ओढून घ्यावा आणि त्या पोरीला असं काही ऐकवावं की तिनं आयुष्यात म्हाताऱ्यांना कार्ड विकू नये. ती दारापर्यंत गेलीही. पण तिथंच थांबली. आज आपण फोन घेतला तर मग सगळे फोन आपल्यालाच घ्यावे लागतील, आणि मोरकमला खोली रिकामी आहेच.

"नको, पोरी," विल्फ म्हणाला. पुन्हा ऐकू लागला. "नको. सवलत चांगली आहे, पण नको." मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं, "नको म्हणतोय मी."

फोन ठेवून तो आत आला. कपाळाला घाम होता. बोलिंगची हिरवळ दोनदा कापून आल्यासारखा तो टेबलाशी बसला.

"काय म्हणाली?" फ्रेडानं विचारलं.

"मला गमावून त्यांना वाईट वाटतंय म्हणाली."

"वाटेल नाही तर काय? असा दुभता माणूस परत कुठे मिळायचा?"

विल्फ हसला, आणि त्याच वेळी दारावर थाप पडली. खिडक्या पुसणारा रॉय पैसे गोळा करत फिरत होता. शिडी त्यानं भिंतीला टेकवलेली, हातात बादली. फ्रेडानं पर्स उघडली. नव्या कार्डाचा पहिला हप्ता तिनं सकाळीच बाजूला काढून ठेवला होता, आणि उरलेल्यात फक्त दुधाचे पैसे होते.

"विल्फ," तिनं दारातूनच हाक मारली, "रॉय आलाय. खिडक्यांचे दे बरं."

"नाहीत माझ्याकडे," विल्फ आतून म्हणाला. चांगलं मोठ्यानं. दारात येऊन कानात सांगायचं त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल. "मंगळवारी पेन्शन होते. पुढच्या आठवड्यात ये म्हणावं."

समोरच्या घराची खिडकी उघडी होती. शेजारणीच्या दारात दोघी बोलत उभ्या होत्या. या उंबऱ्यावरून आजवर कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं. फ्रेडाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. विल्फला ऐकवायला दहा गोष्टी जिभेवर आल्या, आणि दहाही तिनं गिळल्या. मान ताठ ठेवून ती रॉयला म्हणाली, "ऐकलंस ना? पुढच्या आठवड्यात."

"चालेल की, मिसेस व्हिटल," रॉय शिडी खांद्यावर घेत म्हणाला. "त्यात काय? अर्धी गल्ली मला पुढच्या आठवड्यात ये म्हणते."

फ्रेडानं मागं एकदा बघितलं, दार पाठीशी ओढून घेतलं आणि पायरी उतरून त्याच्याजवळ आली.

"कोण कोण?" तिनं आवाज खाली आणून विचारलं.